तीव्र काळी बिअर आणि व्हिस्कीचे पीप : एका चवीचा इतिहास

पदार्थाला भांड्याची चव लागणे हा मराठी भाषेने बहुधा दोषच मानला आहे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक किंवा चिंचेची आमटी रात्रभर राहिली, म्हणजे ती 'कळकते'. या एका अनर्थासाठी भाषेने एक संबंध क्रियापद राखून ठेवले आहे. उलट लोणचे बरणीत राहून सुधारते तेव्हा ते 'मुरले' असे आपण म्हणतो. पण मुरण्याचे श्रेय बरणीकडे जात नाही, ते काळाकडे जाते. चिनी मातीची बरणी आपण मुद्दाम निवडतो ती तिने लोणच्याला स्वतःचे काही देऊ नये म्हणूनच. गुण काळाचा आणि दोष भांड्याचा, अशी ही वाटणी आहे. इंग्लंडातील बिअर बनविणाऱ्यांच्या परिभाषेतही सुमारे दोन शतके ती जवळजवळ अशीच होती.

आज एका पेयाच्या बाबतीत ही वाटणी पार उलटलेली दिसते. व्हिस्की काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या ओकच्या पिपांत काळी, तीव्र, गोडसर बिअर आठ-दहा महिने किंवा वर्षभर ठेवावयाची व मग बाटल्यांत भरावयाची, ही पद्धती अमेरिकेत आणि तिच्या अनुकरणाने अन्यत्रही रूढ झाली आहे. आणि ती बिअर चाखणारे रसिक तिच्यात प्रथम शोधतात ती पिपाचीच चव. लोकप्रिय लेखनात या पेयाची वंशावळ सामान्यतः अशी दिली जाते : अठराव्या शतकातील लंडनची पोर्टर, तिच्यापासून रशियाच्या दरबारी जाणारी 'इंपीरियल स्टाउट', आणि लाकडात मुरविण्याच्या त्याच जुन्या परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणजे आजची ही बिअर. वंशावळ आकर्षक आहे, आणि नुसत्या नावांच्या साखळीवरून पाहता बरोबरही दिसते. तथापि या साखळीतील प्रत्येक नावाचा अर्थ मध्यंतरी पालटलेला आहे. इतकेच नव्हे तर 'मुरविणे' या क्रियेचाही अर्थ पालटला आहे. तो लक्षात घेतला म्हणजे वंशावळ मधोमध तुटते. हे कसे, ते येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम 'पोर्टर' हा शब्द घेऊ. पोर्टर म्हणजे हमाल. लंडनच्या धक्क्यांवर आणि रस्त्यांवर ओझी वाहणाऱ्या परवानाधारक हमालांचा मोठा वर्ग अठराव्या शतकात तेथे होता, व त्यांच्या आवडीवरून एका तपकिरी, कडवट बिअरला हे नाव पडले. (बिअरसाठी जवास मोड आणून ते भाजतात, त्यास माल्ट म्हणतात; कडवटपणा व टिकाऊपणा यांसाठी घालतात ती हॉप नावाच्या वेलीची फुले.) या अर्थाने शब्दाचा छापील उल्लेख १७२१ मध्ये निकोलस अ‍ॅम्हर्स्ट याच्या लिखाणात सापडतो. तरीही दीर्घकाळ पुस्तकांतून सांगितले गेले ते असे, की शोरडिच येथील राल्फ हारवुड नावाच्या कारखानदाराने १७२२ साली हे पेय शोधून काढले. या कथेचा प्रसार झाला तो जॉन फेल्टम याच्या १८०२ मधील लंडनवर्णनपर पुस्तकावरून, म्हणजे कथित शोधानंतर ऐंशी वर्षांनी. शोधाच्या आधीच शब्द छापला गेला होता, एवढी एकच गोष्ट तिचा निकाल लावण्यास पुरेशी आहे. पोर्टर कोणी एका दिवशी शोधली नाही. लंडनच्या जुन्या तपकिरी बिअरमधील हॉपचे प्रमाण वाढत गेले, ती अधिक काळ ठेवली जाऊ लागली, आणि या फरकाला नाव मागाहून मिळाले.

'स्टाउट' हे तर मुळात नामच नव्हे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या विशेषणाचा अर्थ गर्विष्ठ, मग शूर, मग बळकट असा सरकत गेला. 'स्थूल' हा अर्थ त्यामागचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिअरच्या संदर्भात हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ 'तीव्र' एवढाच आहे. रंगाशी त्याचे काही नाते नाही. अठराव्या शतकातील लंडनच्या व्यापारात 'फिकी स्टाउट' असाही प्रयोग होता आणि त्यात कोणास विसंगती वाटत नसे. पुढे 'स्टाउट पोर्टर', म्हणजे पोर्टरपैकी तीव्र, या जोडनामातील विशेष्य गळून विशेषण तेवढे उरले. आपल्याकडे 'पांढरी' व 'काळी' या विशेषणांनी गावठाण व शेतजमीन ही नामे गिळून टाकली, तसाच हा प्रकार होय. काळेपणाही नंतरचाच आहे. घनतामापकाच्या साहाय्याने मोजणी सुरू झाल्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस कारखानदारांच्या ध्यानात आले की, तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टमधून सत्त्व अधिक निघते. ते काटकसरीने फिक्या माल्टकडे वळले आणि रंगाची अडचण उभी राहिली. ती डॅनिएल व्हीलर याने सोडविली : लोखंडी नळकांड्यात माल्ट फिरवून फिरवून जवळजवळ कोळसा होईतो भाजण्याच्या कृतीचे पेटंट त्याने १८१७ मध्ये घेतले. आजच्या काळ्या बिअरमध्ये चाखणाऱ्यास जी कॉफी लागते तिचा उगम या भाजण्यात आहे. हारवुडच्या काळातील हमालाने ती चव ओळखली नसती.

आता मुरविण्याकडे वळू, कारण वादाचा खरा मुद्दा येथे आहे. अठराव्या शतकात ताज्या पोर्टरला 'माइल्ड' व मुरलेल्या पोर्टरला 'स्टेल' म्हणत. आजच्या इंग्रजीत 'स्टेल' म्हणजे शिळे. परंतु त्या काळच्या बिअरच्या व्यवहारात हा स्तुतीचा शब्द होता. उभी राहून निवळलेली, गाळ खाली बसलेली, पक्व झालेली, असा त्याचा भाव, आणि 'स्टेल' बिअर 'माइल्ड'हून महाग विकली जाई. गुत्तेवाला गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे दोहोंचे मिश्रण करून देई. महाग का, तर वर्ष-दोन वर्षे माल अडकवून ठेवण्यास भांडवल लागते, आणि त्या भांडवलावरचे व्याज शेवटी पेल्यात उतरते. ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांनी हजारो पिपे मावतील अशा प्रचंड लाकडी टाक्या बांधल्या. त्यांची स्पर्धा कोणत्या थराला गेली होती हे १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दिसून आले. त्या दिवशी म्यूक्स यांच्या हॉर्स शू कारखान्यातील एक टाकी फुटली, तिच्या लोंढ्याने शेजारच्या गरीब वस्तीतील घरे कोसळली आणि आठ जण प्राणास मुकले.

टाक्या लाकडाच्या होत्या हे खरे. पण एवढ्यावरून त्यांतील बिअरला लाकडाची चव असे, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. टाकी जितकी मोठी, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने लाकडाचा स्पर्श थोडा. आणि वर्षानुवर्षे तीच टाकी वापरल्यावर लाकडातील विद्राव्य द्रव्ये केव्हाच धुऊन निघालेली. लाकूड बिअरला देत असे ते निराळेच होते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एन. येल्ते क्लाउसेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३–०४ च्या सुमारास, इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमधून एक मंदगती यीस्ट वेगळे केले आणि त्या बिअरच्या विशिष्ट चवीचे कारण हेच, असे प्रतिपादन केले. त्याने त्यास 'ब्रेटॅनोमायसीस' असे नाव दिले, म्हणजे ब्रिटिश बुरशी. हे यीस्ट लाकडाच्या रंध्रांत वस्ती करून राहते. लंडनच्या टाकीचे लाकूड म्हणजे या जिवाणूसमान भाडेकरूचे घर होते; चव भाडेकरूची होती, घराची नव्हे. व्यवसायातील माणसांस भाडेकरूचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून श्रेय त्यांनी काळाला दिले. 'स्टेल' या शब्दात काळ आहे, लाकूड नाही.

घराची चव येऊ नये याविषयी तर ते विशेष दक्ष असत. बिअरची पिपे बनविण्यास ब्रिटिश कारागीर बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून येणारे ओक पसंत करीत. अमेरिकन ओकविषयी त्यांची तक्रार होती ती हीच की, त्याची चव बिअरमध्ये उतरते. जर्मन लोक याहून एक पाऊल पुढे गेले. त्यांनी पिपांना आतून राळेचा लेप देऊन लाकूड आणि बिअर यांची गाठच पडू दिली नाही. आपली कल्हई ती हीच.

रशियाच्या दरबाराची कथा मात्र बरीचशी खरी आहे. साउथवर्क येथील अँकर कारखाना हेन्री थ्रेल याच्या मालकीचा होता. १७८१ मध्ये तो वारल्यावर मृत्युपत्राच्या अंमलबजावणीत प्रत्यक्ष कोशकार डॉ. जॉन्सन यांचा हात होता, व कारखाना १,३५,००० पौंडांस बार्कले व पर्किन्स यांच्या भागीदारीकडे गेला. या कारखान्यात रशियाच्या सम्राज्ञीकरिता खास पोर्टर होत असे, अशी नोंद चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन याच्या १७९६ मधील दैनंदिनीत आहे. १८२२ च्या रशियन जकात कायद्याने इंग्लंडच्या अन्य बिअरला बंदी झाली तेव्हा पोर्टर तीतून सुटली, त्यामुळे बाल्टिकचा व्यापार तिच्याच हाती राहिला. (पीटर द ग्रेट याने १६९८ मध्ये लंडनला असताना पोर्टर चाखली व ती मागविली, ही आख्यायिका मात्र सोडून द्यावी, त्या साली पोर्टर हे नाव अस्तित्वातच नव्हते.) पण येथेही पात्राचा विचार केला पाहिजे. या बिअरची प्रसिद्ध मुरवणी पुष्कळदा काचेत होई. ऑलिव्हा नावाचे जहाज १८६९ मध्ये बाल्टिकमध्ये बुडाले, आणि १९७४ मध्ये पाणबुड्यांनी त्यातून वर काढले ते ए. ल कॉक या व्यापाऱ्याच्या नावाच्या बाटल्या. विसाव्या शतकात करेज कंपनीने, बार्कले-पर्किन्सची वारसदार म्हणून, १९९३ पर्यंत जी रशियन स्टाउट चालविली, तीही वर्षाचा आकडा घातलेल्या लहान बाटल्यांतून मुरत असे. म्हणजे ज्या पेयाची दीर्घायुष्याबद्दल ख्याती होती, ते पेय लाकडाचे ऋणी फारसे नव्हते.

आपल्या देशाचा या इतिहासाशी असलेला संबंध सहसा फिक्या बिअरच्या, 'इंडिया पेल एल'च्या, निमित्ताने सांगितला जातो. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांवर पोर्टरही असे, आणि एकोणिसाव्या शतकात गोऱ्या सैनिकांसाठी सरकार घाऊक खरेदी करी ती मुख्यतः पोर्टरचीच. फिकी अधिकाऱ्यांची, काळी शिपायांची, असा हा भेद होता. इतिहासात मात्र अधिकाऱ्यांचे पेय नावासकट अमर झाले आणि शिपायांच्या पेयाला 'इंडिया' हे उपपद चिकटले नाही. हे पेय ज्यातून येई त्या पात्राचा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या आधीच आला होता : 'पीप' किंवा 'पिंप' हा पोर्तुगीज 'पिपा' यावरून, आणि त्याचे तोंड बंद करणारे 'बूच' तेही पोर्तुगीज 'बुचा' यावरून. मराठीत पीप लवकरच लाकडापासून सुटले. आज पिंप म्हटले की पत्र्याचे वा प्लास्टिकचेच डोळ्यांपुढे येते, व त्यात पाणी किंवा तेल असते.

इंग्लंडातही पीप लाकडापासून सुटले, पण सावकाश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांची आवड ताज्या, 'माइल्ड' बिअरकडे झुकली. मोठ्या टाक्या मोडीत निघाल्या. पहिल्या महायुद्धातील निर्बंधांनी बिअरची तीव्रता उतरविली. स्टाउटही सौम्य झाली, गोड झाली, आजाऱ्यांना मानवणारी म्हणून विकली जाऊ लागली. 'तीव्र' असा अर्थ असलेला शब्द अशा रीतीने सौम्य पेयाचे नाव झाला आणि त्यात उरला तो केवळ रंग. म्हणून पुढे अमेरिकेतील छोट्या कारखान्यांना खरोखर तीव्र अशी स्टाउट बनवावीशी वाटली तेव्हा 'स्टाउट' या शब्दाने काम भागेना. त्यांनी 'इंपीरियल' हे जुने उपपद तीव्रतावाचक म्हणून पुढे जोडले. लवकरच ते रशियापासूनही सुटले आणि वाटेल त्या तीव्र बिअरला लागू लागले. एक विशेषण झिजले की त्याच्या पाठीवर दुसरे चढवावयाचे, ही भाषेची नेहमीची रीत आहे. याच काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत, बिअर जवळजवळ सर्वत्र धातूच्या टाक्यांत व पिपांत गेली. लाकूड व्यवहारातून उठले. माझ्या मते पुढच्या घटनेची ही अत्यावश्यक पूर्वअट होती : जोवर सर्व पात्रे लाकडाची होती, तोवर लाकडाची चव म्हणजे गैरव्यवस्था; पात्रे पोलादाची झाल्यावरच ती चव हेतुपूर्वक घालण्याची वस्तू होऊ शकली.

घालण्यासाठी लाकूड आले ते केंटकीहून. 'व्हिस्की' हा शब्द गेलिकमधील 'जीवनजल' या अर्थाच्या शब्दसमूहाचा अवशेष आहे. त्याच्या इंग्रजी वर्णलेखनात एक स्वर असावा की नसावा यावरून स्कॉटलंड एका बाजूस व आयर्लंड-अमेरिका दुसऱ्या बाजूस असा वाद आहे, पण देवनागरीने तो एका फटक्यात मिटविला आहे. 'बर्बन' हे नाव फ्रान्सच्या राजघराण्याचे. १७८५ मध्ये त्या घराण्याच्या गौरवार्थ एका परगण्यास ते देण्यात आले. व्हिस्कीला मिळाले ते त्या परगण्यावरून की न्यू ऑर्लिन्समधील त्याच नावाच्या रस्त्यावरून, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते निराळेच. अमेरिकेत मद्यबंदी उठल्यावर १९३० च्या दशकात जे नियम झाले, त्यांनुसार किमान ५१ टक्के मका असलेली ही व्हिस्की नव्या आणि आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिपांतच ठेविली पाहिजे, असे ठरले. 'नव्या' या एका शब्दाचा परिणाम असा की, सुमारे दोनशे लिटरचे हे उत्तम पीप एकदा बर्बन त्यातून निघाली की बर्बनच्या दृष्टीने निरुपयोगी होते. स्कॉटलंडात तीच पिपे पुनःपुन्हा भरण्याची चाल आहे; तेथे ती सहजी सुटत नाहीत. केंटकीत मात्र कायद्यानेच दरवर्षी रिकाम्या पिपांचा ढीग निर्माण केला. ती स्कॉटलंडला गेली, आयर्लंडला गेली, रमच्या व टकिलाच्या कारखान्यांत गेली, लुइझियानात टबॅस्को या झणझणीत रसाची मिरची मुरविण्यासाठीही गेली. बिअरकडे ती सर्वांत शेवटी आली.

याहून सूक्ष्म असा दुसरा मुद्दा आहे. बर्बन भट्टीतून निघते ती पाण्यासारखी रंगहीन. तिचा तांबूस रंग आणि चवीचा मोठा भाग पिपातून येतो, आणि हे उघड डोळ्यांना दिसते. त्यामुळे भांड्याला श्रेय देणारी भाषा व्हिस्कीच्या व्यवसायात आधीपासून तयार होती. बिअरवाल्यांनी पीप घेतले तेव्हा ही भाषाही त्याबरोबर उसनी घेतली. लंडनच्या टाकीची भाषा त्यांनी घेतली नाही. ती एव्हाना कोणाच्या तोंडी उरलीच नव्हती.

शिकागोच्या गूज आयलंड या कारखान्यातील ग्रेग हॉल यांनी जिम बीम घराण्यातील बुकर नो यांच्याशी एका भोजनप्रसंगी ओळख झाल्यावर सहा पिपे मिळविली आणि आपल्या हजाराव्या घाण्यासाठी तीव्र स्टाउट तयार करून तीत भरली, हा या प्रकाराचा सर्वमान्य आरंभ. डेन्व्हरच्या बिअर महोत्सवात ती मांडली तेव्हा परीक्षकांसमोर पंचाईत अशी झाली की, असल्या बिअरसाठी स्पर्धेत वर्गच नव्हता. या घटनेचे साल कंपनीने बाटलीवर वर्षानुवर्षे १९९२ असे छापले. शिकागोचे पत्रकार जॉश नोएल यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तत्कालीन पुरावे तपासून ते १९९५ असल्याचे दाखविले. घटनेचे साक्षीदार हयात, कारखाना चालू, महोत्सवाची कागदपत्रे उपलब्ध, आणि तरी वीस-पंचवीस वर्षांत साल तीन वर्षांनी मागे सरकले! हारवुडच्या १७२२ या सालाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे हे यावरून समजते. उत्पत्तिकथेला एक शोधक, एक जागा आणि एक नेमके साल हवे असते, आणि ते ती कोठून तरी मिळविते.

आता प्रत्यक्ष चवीविषयी. परदेशातील एका चर्चासत्राच्या निमित्ताने एकाच घाण्यातील बिअर दोन प्रकारे चाखण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला : एक पोलादी टाकीतून काढलेली, दुसरी बर्बनच्या पिपात दहा महिने राहिलेली. दोन्ही इतक्या काळ्या की पेला दिव्यासमोर धरला तरी कडेला तेवढी लालसर रेघ दिसावी. पहिलीत करपलेली साखर, बिनदुधाची कॉफी, ज्येष्ठमधासारखा जडपणा आणि शेवटी स्वच्छ कडवटपणा. दुसरी थंड असताना जवळजवळ मुकी होती; पेला तळहातांत धरून ऊब दिल्यावर ती उलगडली. प्रथम व्हॅनिला, मग खोबरे, मग लवंगेची पुसट आठवण, मग घशात मद्यार्काची धग (पिपाच्या फळ्यांत मुरलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरून तिची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढविते), आणि सर्वांत शेवटी जिभेच्या कडांवर, हिरड्यांवर एक आवळणारी भावना. हे शेवटचे पहिल्या पेल्यात मुळीच नव्हते.

खोबऱ्याबद्दल एक गोष्ट नमूद केली पाहिजे. माझ्या शेजारच्या चाखणाऱ्यांनी एकच शब्द वापरला. मला प्रश्न पडला, की हे ओले खोबरे, सुके खोबरे, की खोबरेल? विचारांती वाटले की सुके, किंचित भाजलेले, पुरणाच्या नव्हे तर कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या जवळचे. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन वर्गातील जी द्रव्ये विपुल असतात त्यांचा हा गंध. लवंगेचा गंध युजेनॉलचा. प्रत्यक्ष लवंगेतही तेच असते. व्हॅनिलाची हकीकत अधिक मनोरंजक आहे. हा शब्द स्पॅनिश भाषेतील. मूळ अर्थ 'लहानशी शेंग'. त्या शेंगेतील व्हॅनिलिन हे द्रव्य गोब्ले याने १८५८ मध्ये वेगळे केले, आणि १८७४ मध्ये टीमान व हारमान यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले ते सूचिपर्णी वृक्षांत मिळणाऱ्या एका द्रव्यापासून. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन उष्णतेने विघटित होते तेव्हा त्यातूनही व्हॅनिलिन निघते. पीप आतून जाळतात त्यावेळी हेच घडते. तेव्हा चाखणारा 'व्हॅनिला' म्हणतो त्या पेल्यात शेंग नाही, पण तिचे द्रव्य खरोखर आहे. रूपक आणि वस्तुस्थिती यांची अशी भेट चवीच्या शब्दसंग्रहात क्वचितच होते. कॉफीची गोष्ट उलट आहे. तेथे दाण्याचे साम्य नसून भाजण्याचे साम्य आहे.

आणि ती आवळणारी भावना? संस्कृतातील षड्रसांत तिला 'कषाय' म्हणतात, मराठीत 'तुरट'. ओकमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांशी बांधले जाते व जिभेचा ओलावा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. 'कषाय' शब्दाचे तीन अर्थ पाहण्यासारखे आहेत : तुरट रस, वनस्पती उकळून केलेला काढा, आणि सालींच्या रसात रंगविलेल्या भिक्षूच्या वस्त्राचा तांबूस रंग. लाकूड-साल, द्रव, रंग आणि जिभेची संवेदना ही सर्व या एका शब्दात एकत्र आली आहेत. पिपात काय घडते याचे वर्णन करण्यास याहून नेमका शब्द मला इंग्रजीत आढळला नाही. अर्थात आपले रसवाचक शब्दही जागचे हललेले आहेत. संस्कृत 'कटु' म्हणजे मिरीसारखे झोंबणारे, आणि निंबासारखे ते 'तिक्त'. त्याच 'कटु'चा वंशज मराठी 'कडू' मात्र निंबाच्या बाजूला जाऊन बसला. आयुर्वेदीय ग्रंथ वाचताना ज्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तो सुंठीला कडू समजेल. 'स्टाउट' वाचताना नेमकी हीच सावधगिरी हवी.

बिअरच्या चवीचे शब्द पद्धतशीर जमविण्याचा मोठा प्रयत्न मॉर्टेन मेलगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. शंभरांहून अधिक शब्दांची त्यांची चक्राकार मांडणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. कारखान्याकारखान्यांतील तज्ज्ञांना परस्परांशी एका अर्थाने बोलता यावे, आणि विशेषतः माल कोठे बिघडला ते ओळखता यावे, हा त्या चक्राचा उद्देश. आज तेच शब्द बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर प्रशंसेसाठी छापलेले असतात. 'लाकडाची चव' हा तपासनिसाच्या तक्त्यातील दोष होता. तो पहिल्या पानावरचा गुण झाला. 'स्टेल' याच्या बरोबर उलट वाटेने गेला. दोन्ही शब्दांनी एकमेकांस वाटेत ओलांडले, आणि आपण जर 'मुरविलेली' या एकाच शब्दाने दोन्ही काळांचे भाषांतर केले, तर त्यांची ही गाठ आपणांस दिसणारच नाही.

पालट किती पुरा झाला आहे याची कसोटी २०१५ सालच्या मालाने घेतली. गूज आयलंडच्या त्या वर्षीच्या काही पिपांतील बिअरमध्ये आंबट चव निर्माण झाली; कारण लॅक्टोबॅसिलस वर्गातील एक जीवाणू असल्याचे निष्पन्न झाले. कंपनीने ग्राहकांस पैसे परत दिले व पुढील मालासाठी पाश्चरीकरणाचा अवलंब केला. लंडनच्या टाकीत भाडेकरूची चव हवी होती आणि घराची नको होती. शिकागोच्या पिपात घराची चव हवी आहे आणि भाडेकरू दिसला की घर धुऊन काढावयाचे. जुन्या परंपरेचे हे पुनरुज्जीवन असते, तर आंबटपणाबद्दल पैसे परत मागण्याचे कारण नव्हते.

पिपाचा प्रवास मात्र येथे थांबलेला नाही. स्कॉटलंडात २००० नंतर एका व्हिस्की कंपनीस आपली पिपे बिअरने मुरवून हवी होती, आणि त्या कामापुरती वापरलेली बिअर ओतून देण्यात येत असे. कामगारांनी ती चाखली, ती उत्तम निघाली, आणि तीतून २००३ मध्ये इनिस अँड गन ही स्वतंत्र बिअर बाजारात आली. आयर्लंडात जेमसनने आपली पिपे कॉर्क शहरातील फ्रान्सिस्कन वेल या लहान कारखान्यास दिली, त्यांत स्टाउट मुरली, मग रिकामी पिपे भट्टीवर परत आली आणि त्यांत पुन्हा व्हिस्की भरली गेली. त्या व्हिस्कीच्या बाटलीवर आता 'स्टाउट' हा शब्द छापलेला असतो, आणि तेथे त्याचा अर्थ तीव्र असा नाही, काळा असाही नाही. पूर्वी या पिपात काय होते, एवढाच आहे.